पडद्याआडचा पुतण्या

संदर्भाधीन विषय: संगीत विद्यालयातील गायनाची एकच जागा, आणि परीक्षक हर्डीकरबुवांनी त्या जागेसाठी घरी तयार केलेला पुतण्या.

प्राचार्या गवसबाईंनी बुवांना परीक्षेतून बाजूला होण्याची विनंती केली. बुवा हसले.

“बाई, मध्ये पडदा लावा. कोण गातंय हे मला कळणारसुद्धा नाही.”

विश्वस्तांनी समेवर यावं तशा माना डोलावल्या. बाहेर पोस्टमनची मुलगी तंबोरा जुळवत बसली होती. तिला काका नव्हता.

बाई म्हणाल्या, “बुवा, आठ वर्षं तुम्हीच घडवलेला गळा ओळखू आला, तर पडद्याचा उपयोग नाही. ओळखू आला नाही, तर तुमच्या कानाचा नाही. परीक्षक म्हणून बसवू कशाला?”

बुवांनी उत्तराला मुदत मागितली.

नवे परीक्षक येईपर्यंत पुतण्याचा अर्ज, इतर सर्वांच्या अर्जांसोबत, प्रलंबित आहे.