काळी बैठक

त्या मुलखात गुरं वाळत चालली होती आणि पाखरं उपाशी होती. पूर्वी कुठलंही पाखरू कुठल्याही गुराच्या पाठीवर जाऊन बसे, अंगावरचे किडे टिपे आणि ऊन कललं की उडून जाई. गुरांना बरं वाटे, पाखरांचं पोट भरे, आणि त्याला काम म्हणतात हेही कुणाच्या डोक्यात येत नसे. मग एका वर्षी नदीकाठच्या मोठ्या गोठ्यातून नियम निघाला की यापुढे पाठीवर बसायचं ते परवानगीनं. ज्याला परवानगी हवी त्यानं गोठ्यात यावं, काळ्या बैठकीपुढे मान लववून डोळे मिटावेत आणि विचारलं जाईल त्याचं उत्तर द्यावं. चोच केवढी, नजर कशी, किडा कसा धरतोस, असलं तिथे काही विचारत नसत. विचारत ते एवढंच, की तुझ्या आयुष्यात कामाला काय जागा आहे.

भिवरी साळुंकी त्या वाटेला जाणार नव्हती. पण तिचा जोडीदार केरू एकदा भुकेपोटी विनापरवाना एका वासराच्या पाठीवर बसला, आणि गोठ्याच्या राखणदार कावळ्यांनी त्याचा पंख मुळापासून पिरगाळला. तेव्हापासून केरू शेवग्याच्या ढोलीत बसून असे. ढोलीत दोन पिल्लं होती. शेताभोवतालची माती इतकी कोरडी पडली होती की दिवसभर उकरूनही भिवरीच्या चोचीत दोन पिल्लांपुरतं काही येत नसे. धाकटं पिल्लू अलीकडे ती आली तरी तोंड उघडेना. म्हणून एका सकाळी तिनं पिसं सारखी केली आणि गोठ्याची वाट धरली.

दाराशी पाखरांची रांग होती. दारावर एक सरडा बसला होता. तो ज्याच्याकडे बघे त्याच्या रंगाचा होई, त्यामुळे प्रत्येकाला तो आपल्यातलाच वाटे. भिवरीच्या पुढे एक सातभाई उभा होता. सातभाई एकटा उभा असलेला तिनं जन्मात पाहिला नव्हता. बाकीचे कुठे आहेत, असं तिनं विचारलं. त्यानं तिच्याकडे न बघता सांगितलं की आपण सहा भावांना सोडून आलो आहोत, आणि आत हेच सांगणार आहोत. तो आत गेला आणि थोड्याच वेळात आतून त्याचा चिरका आवाज आला, की कामापुढे भाऊ काय, भाऊ म्हणजे उगाच गलका. त्याला परवानगी मिळाली.

भिवरीची पाळी आली तेव्हा तिनं नियमाप्रमाणे डोळे मिटले. आत दमट, गोडसर, आंबूस वास होता. समोरच्या बैठकीतून ऊब येत होती. आवाज आले तेही विचित्र होते, जेवताना घास न गिळता कुणी बोलावं तसे जाड आणि ओले.

त्यांनी प्रश्न विचारला. भिवरीनं जे होतं ते सांगितलं. सकाळी पोट रिकामं असतं तेव्हा मी कामाला जाते. माझं पोट भरतं, गुराचं अंग हलकं होतं. दुपारी पिल्लांना भरवते. संध्याकाळी सगळ्यांबरोबर झाडावर बसून कलकलाट करते, तेव्हा मला सगळ्यात बरं वाटतं.

"म्हणजे कामाची जागा सकाळी," एक आवाज म्हणाला.

"हो. सकाळ मोठी असते."

बैठकीतून कुणीतरी हसलं. ते हसणं चिखलातून पाय काढल्यासारखं होतं. सरड्यानं तिला बाहेर नेलं आणि तिच्याच रंगाचा होऊन आपुलकीनं सांगितलं की तयारी कमी पडते आहे, चिंचेवरच्या भारद्वाजाकडे जा.

भारद्वाज मोठा भारदस्त पक्षी होता. एकेकाळी तो स्वतः गोठ्यात होता असं म्हणत. त्याच्याकडे शिकायला येणाऱ्या पाखरांनी चिंचेचं झाड भरून जाई, आणि सगळी एकाच सुरात एकच वाक्य घोकत. भिवरीचं उत्तर ऐकून त्यानं लाल डोळे मिटले.

"खोटं बोल असं मी तुला म्हणत नाही, पोरी," तो म्हणाला. "पण खरं आहे तेवढंच बोलून तिथे भागत नाही."

त्यानं तिला उत्तरं दिली. काम हा माझा श्वास आहे. घरटं मागे असतं, काम पुढे असतं. काम नसेल तर तू कोण, असं विचारतील, तेव्हा कुणीच नाही म्हणायचं, आणि म्हणताना थोडं हसायचं. शेवटी पिल्लं आहेत का, असं विचारतील.

"आहेत ना," भिवरी म्हणाली.

"होती म्हणायचं."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. भारद्वाजानं शांतपणे समजावलं की यात पिल्लांचं काहीच बिघडत नाही, तो नुसता शब्द आहे, आणि परवानगी मिळाली की त्याच पिल्लांना पोटभर खाऊ घालता येतं. भिवरीनं विचारलं, तुमची पिल्लं कुठे असतात, काका. त्यानं पुढच्या पाखराला जवळ बोलावलं.

साळुंकीला आवाज उचलायला वेळ लागत नाही. दोन-तीन दिवसांत भिवरीला सगळं पाठ झालं. ती ढोलीत बसून ते म्हणू लागली तसा आवाज हळूहळू तिचा राहिला नाही. तो जाड झाला, ओला झाला. केरू अंधाऱ्या कोपऱ्यातून ऐकत होता.

"हे कोण बोलतंय?" त्यानं विचारलं.

"मीच की."

"मग पिल्लं माझ्यामागे का लपलीत?"

तिनं पाहिलं. थोरलं पिल्लू केरूच्या मोडक्या पंखाखाली डोकं खुपसून बसलं होतं. धाकट्यात तेवढंही त्राण नव्हतं. भिवरीनं पुन्हा पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली, कारण दुसरा मार्ग तिला दिसत नव्हता.

ती दुसऱ्यांदा गोठ्यात गेली त्या दिवशी तिला परवानगी मिळालेली पाखरं दिसली. ती गव्हाणीच्या कठड्यावर ओळीनं बसली होती. त्यांच्यापुढे भिजवलेला कोंडा ठेवला होता. त्यांची पिसं तेलकट झाली होती आणि पोटं लोंबत होती. एकही पाखरू पाठीवर बसून टिपत नव्हतं. ती गुरांच्या कानाशी वाकून आपापली उत्तरं पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि गुरं ते ऐकत माना खाली घालून गुंगल्यासारखी उभी होती. अंगावर काही चावलं तर गुराची कातडी आपोआप थरारते. इथे एकाही गुराची कातडी थरारत नव्हती. ओळीच्या टोकाला तो सातभाई होता. भिवरीनं त्याला हाक मारली. त्यानं वळून पाहिलं, पण ओळख दाखवली नाही, आणि कोंड्याचा एक गोळा गिळून पुन्हा कानाकडे वाकला.

काळ्या बैठकीपुढे तिनं मान लववली, डोळे मिटले. प्रश्न आले. काम हा माझा श्वास आहे, ती म्हणाली. घरटं मागे असतं, काम पुढे असतं. बैठकीतून समाधानाचे हुंकार उमटले.

"आणि काम नसेल तर तू कोण?"

"कुणीच नाही," ती म्हणाली आणि शिकवल्याप्रमाणे थोडं हसली. स्वतःचं ते हसणं कानावर पडलं तसा तिच्या अंगावर काटा आला. पाय एखाद्या लिबलिबीत गोष्टीवर पडावा आणि ती आपल्याच अंगाची असावी, तसं तिला झालं.

"छान. पिल्लं आहेत?"

शब्द तयार होता. तिनं चोच उघडली. धाकट्याची मिटलेली चोच तिला दिसली, आणि तिनं आपलीही मिटली.

"पिल्लं आहेत का, विचारलं तुला," आवाज म्हणाला.

भिवरीनं डोळे उघडले आणि मान वर केली.

समोर बैठक नव्हती. एक म्हातारी म्हैस खाली बसलेली होती, आणि जिला बैठक म्हणत ती तिची झिजलेली काळी पाठ होती. पाठीच्या मधोमध तीन गोचीड होते. फुगून एरंडाच्या बियांसारखे टम्म झालेले, राखाडी, चकचकीत. पाय इतके इवलेसे की ते पोटाच्या बाजूला नुसतेच हलत होते. त्यांची तोंडं कातडीत रुतलेली होती. बोलतानाही ती बाहेर निघत नव्हती. प्रत्येक प्रश्नाबरोबर त्यांचं अंग आणखी थोडं फुगत होतं.

भिवरीला शिसारी आली. त्यांची आली तशीच स्वतःचीही आली, कारण गेले काही दिवस ती डोळे मिटून ह्यांच्यासाठी आवाज घडवत होती.

"मान खाली," मधला गोचीड म्हणाला. "उत्तर दे."

तिनं मान खाली केली, आणि आई तिला ज्या वयात पहिल्यांदा गुरावर घेऊन गेली होती त्या वयापासून जे येत होतं ते केलं. चोच तिरकी घातली, मुळाशी धरलं, हलकासा पीळ दिला आणि उपटलं. गोचीड फुटला. तोंडात कोमट, शिळं रक्त पसरलं. म्हशीचं रक्त. तिनं ते गिळलं. दुसरा काही बोलू पाहत होता, तोही गेला. तिसरा तिनं न फोडता पिल्लांसाठी चोचीत धरला. म्हशीची कातडी खांद्यापासून शेपटीपर्यंत एकदाच थरारली आणि तिनं लांब श्वास सोडला. कठड्यावरच्या पाखरांनी म्हणणं थांबवलं नाही.

त्या दुपारी धाकट्या पिल्लानं तोंड उघडलं. केरू सरकून तिच्यासाठी जागा करून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवरी कामावर निघाली, म्हणजे थेट त्या म्हाताऱ्या म्हशीच्या पाठीकडे. गोठ्याच्या दाराशी रांग कालच्यापेक्षा लांब होती. तिनं रांगेतल्या पाखरांना सांगितलं की आत कुणी नाही, काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, उघड्या डोळ्यांनी जा आणि टिपा. पाखरांनी एकमेकांकडे पाहिलं. हिला काल नाकारलं असणार, असं एक जण हळूच म्हणालं. दुसऱ्याला वाटलं, रांग कमी करायची ही युक्ती आहे. सरडा तिच्याच रंगाचा होऊन तिच्याकडे बघत राहिला, मग त्यानं पुढच्या उमेदवाराला आत सोडलं.

भिवरी कावळ्यांची नजर चुकवून आढ्याच्या फटीतून आत शिरली. खाली एक तरुण परीट पक्षी काळ्या पाठीपुढे मान लववून, डोळे मिटून उभा होता. पाठीवर काल गोचीड उपटले त्या जागी तीन लाल टिपके होते. त्यांच्याकडे तिळाएवढे नवे गोचीड चारी बाजूंनी सरकत होते. परिटानं आपलं उत्तर स्वच्छ आवाजात म्हटलं आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहिली. प्रश्न आला नाही. आपलं म्हणणं कमी पडलं असं त्याला वाटलं असावं. त्यानं डोळे न उघडता छातीवरचं एक पीस उपटलं आणि पुढे ठेवलं. थोडा वेळ थांबला. मग दुसरं उपटलं.