दारातच ‘पोचलं’ म्हणणारा सर्व्हर

एका शहरात लग्नाचे अल्बम छापणारा एक कारखाना होता. गावोगावचे फोटोग्राफर तिथे फोटो पाठवायचे. ते उतरवून घ्यायला एक सर्व्हर होता, आणि सर्व्हर सांभाळायला ओजस नावाचा तरुण.

आता फोटोग्राफर म्हणजे तऱ्हातऱ्हांची माणसं. कुणी जुनाट कॉम्प्युटरवरून एफटीपीच्या जुन्या वाटेने पाठवणार, कुणाला कुलूपबंद एसएफटीपीच हवं, कुणी मोबाइलच्या ब्राउझरमधूनच ढकलून देणार. ठेवायच्या जागाही वेगळ्या. शाळांचे ग्रुप फोटो ऑफिसातल्या डिस्कवर, लग्नं क्लाउडवर. ओजसने काय केलं, सगळ्या वाटा एका दाराशी आणल्या आणि दारामागे सगळी कोठारं जोडून टाकली. कुणीही कसंही या, माल बरोबर आपल्या जागी जाणार. लोक खूश. ओजस तर हवेतच.

फक्त क्लाउड जरा संथ होता. फोटोग्राफर कुरकुरायला लागले. “ओजसभाऊ, पंगत उठली तरी तुमचं चक्र आपलं फिरतंय.”

हे त्याला लागलं. मग त्याने एक युक्ती केली. फोटो सर्व्हरच्या दारात आले रे आले की पाठवणाऱ्याला हिरव्या अक्षरांत ‘पोचलं’ दिसायचं. क्लाउडवर ते मागाहून, सावकाश जायचे.

शेजारच्या टेबलावरची नीरजा म्हणाली, “अरे, उंबऱ्यावरच्या पाहुण्याला जेवून गेला म्हणतोस?”

“दोन पावलांचं तर अंतर आहे. मध्ये काय वाघ बसलाय?”

लग्नसराई आली. या दिवसांत फोटोग्राफरांची एक रीत असते. दुपारी नवरीची पाठवणी उरकली की फोटो पाठवायचे, ‘पोचलं’ दिसलं की कार्ड पुसायचं आणि गोरज मुहूर्ताच्या लग्नाला पळायचं. नेमकी तेव्हाच क्लाउडच्या पासवर्डची मुदत संपली. क्लाउडने दार लावून घेतलं. माल उंबऱ्यावर साचला, जागा भरली, नवं आलं की जुनं पुसलं जाऊ लागलं. सर्व्हर मात्र येईल त्याला ‘पोचलं’ सांगत राहिला.

बाकीच्यांनी घरी एकेक कॉपी ठेवली होती. गडहिंग्लजच्या इकबाल मुल्लांनी टिपलेलं एक लग्न मात्र कुठेच उरलं नाही. ते पहिल्या एसटीने आले. मालकांनी ओजसला आत बोलावून हळूच सांगितलं, “नेट गेलं होतं म्हण. विषय संपला.”

ओजस बाहेर आला. म्हणाला, “इकबालभाई, नेट गेलं नव्हतं. ठेवून व्हायच्या आधीच मी ‘पोचलं’ सांगत होतो.”

“मी तेच वाचून कार्ड पुसलं,” इकबालभाई म्हणाले. “आता नवरीच्या त्या माउलीला काय दाखवू? तुमची हिरवी अक्षरं?”

“मी येतो तुमच्याबरोबर.”

नवरीच्या आईने, वनमालाबाईंनी, सगळं ऐकून घेतलं. मग सोयऱ्याधायऱ्यांना फोन गेले. ज्याच्या त्याच्या मोबाइलमधून जमेल ते गोळा झालं. अक्षता मिळाल्या, पंगत मिळाली, कोपऱ्यात रुसून बसलेली करवलीसुद्धा मिळाली.

पाठवणी मिळाली नाही. त्या वेळी सगळेच रडत होते. फोन कुणाच्याच हातात नव्हता. डोळे कोरडे ठेवून बघत होते ते एकटे इकबालभाई.

ओजसने सर्व्हर बदलला. आता क्लाउडने फोटो ठेवून घेतल्याचं कळवल्याशिवाय ‘पोचलं’ उमटत नाही. फोटोग्राफर पुन्हा कुरकुरतात. तो ऐकून घेतो.

अल्बम छापायला घेतला तेव्हा त्याने वनमालाबाईंना विचारलं, “शेवटच्या पानावर फुलांची नक्षी टाकू?”

“नको रे बाळा,” त्या म्हणाल्या. “ते कोरंच राहू दे. काय होतं ते मला माहीत आहे.”

तात्पर्य: माल जागेवर लागल्याशिवाय ‘पोचलं’ म्हणू नये, कारण त्या शब्दाच्या भरवशावर समोरचा माणूस आपल्या हातातलं सोडून देतो.