ओव्याची कढी

उदंडराजांचं पोट फुगलं होतं. आदल्या दिवशी मेहुण्याशी पैज लावून त्यांनी बावन्न वडे खाल्ले. मेहुणा एकावन्नावर आडवा झाला, एवढंच काय ते समाधान.

राजवैद्य त्र्यंबकशास्त्री ओव्याची पुडी घेऊन धावत आले. राजांनी पुडी खिडकीबाहेर भिरकावली.

"ओवा चघळायला मी काय बाळंतीण आहे? संध्याकाळपर्यंत पोट बरं करा. पण औषधाचा कण माझ्या तोंडात गेला, तर तुमची गाढवावरून धिंड. आणि बरं नाही वाटलं, तरी धिंडच!"

इकडे आड, तिकडे विहीर. शास्त्रीबुवा घरी येऊन डोक्याला हात लावून बसले. वय सत्तर, आणि गाढवावर बसायची सवय नाही.

त्यांच्याकडे औषधं कुटायला येणारी येसू म्हणाली, "बुवा, रडता कशाला? मला तेवढं राजांच्या मुदपाकखान्यात घेऊन चला."

तिथे तिने ताकात आलं-मीठ घालून ते मंद आचेवर ठेवलं. मग तुपात हिंग टाकला, मूठभर ओवा तडतडवला आणि फोडणी वर ओतली. वास थेट राजांच्या पलंगापर्यंत गेला.

"काय शिजतंय?" राजे पोट सांभाळत दारात आले.

"कढी, महाराज. आम्हा नोकरमाणसांसाठी. तुमचं पोट बिघडलंय, तुम्हाला नको."

"मला नको म्हणणारी तू कोण? वाढ!"

राजांनी भुरके मारत वाटी संपवली. दुसरी मागितली. तिसरीही मागितली. मग त्यांनी असा ढेकर दिला, की तोफ उडाली समजून पहारेकऱ्यांनी वेशीचा दरवाजा लावून घेतला. पोट एकदम हलकं झालं. राजे सुखाने जीभ फिरवू लागले, तोच दाताखाली काहीतरी कचकन आलं.

"ओवा! पोरी, तू मला औषध पाजलंस? गाढव आणा रे!"

शास्त्रीबुवांनी डोळे मिटून घेतले. येसू मात्र पदराला हात पुसत म्हणाली, "महाराज, औषध कुणी कधी परत मागून घेतलंय? एका घोटाला माणसं नाक दाबतात. तुम्ही तीन वाट्या प्यालात आणि शेवटची बोटाने पुसून चाटलीत. हे औषध असेल, तर तुमच्यासारखा गुणी रोगी बुवांना सत्तर वर्षांत भेटला नाही!"

राजे पोट धरून असे हसले, की पुन्हा दुखतं की काय, अशी बुवांना भीती वाटली. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी येसूला दिलं आणि म्हणाले, "घे. आणि त्या एकावन्नवाल्यालाही वाटीभर पाठव. बिचारा कालपासून विव्हळतोय."