हंसावली राणी आणि गाद्यांची बोली

एका राज्यात अरुणध्वज राजा आणि हंसावली राणी सुखाने नांदत होती. राजवाड्याच्या पायऱ्या थेट समुद्रात उतरत. सांजवेळी राजा खालच्या पायरीवरून शीळ घाली, दोन आखूड, एक लांब. ती ऐकली की राणी हातातले काम टाकून धावे. फार गोड दिवस होते ते.

एकदा राजाने समुद्रतळातून मोत्यांचा रांजण काढला. तो होता जलमांत्रिकाचा. मांत्रिक लाटेतून वर आला, त्याने राजावर पाणी शिंपडले, आणि राजाचा गादा झाला; ज्याला कोणी डॉल्फिन म्हणतात, तोच. उसळी मारून तो कळपात मिसळला.

"तिन्ही ऋतूंत त्याला केवळ आवाजावरून ओळख," मांत्रिक राणीला म्हणाला. "एकदा जरी चुकलीस, तर तो कायमचा समुद्राचा."

राणी रडत बसली. तेव्हा एक कुरव पक्षी शेजारी उतरून बोलला, "राणीसाहेब, गादे ऋतूप्रमाणे बोलतात. आधी त्यांची बोली शिका."

राणी पाण्याला कान लावून बोली शिकली.

हिवाळ्यात माद्या पिल्लांना शिळेने बोलावत. प्रत्येकीची शीळ निराळी. त्या कल्लोळात दोन आखूड, एक लांब अशी शीळ आली. राणीने त्या आवाजाकडे बोट दाखवले. "हाच!"

उन्हाळ्यात शिकार. शिळा थांबल्या, पाण्याखाली नुसती टकटक. सावज जवळ येईल तशी ती वाढे. एकच टकटक ऐन घासाला थांबली आणि इतरांचे खाणे झाल्यावर सुरू झाली. राणीला जुन्या पंगती आठवल्या. सगळे जेवल्याशिवाय राजा घास घेत नसे. "हाच!"

पावसाळ्यात पाणी गढूळले. कुणी वाट चुकू नये म्हणून सारा कळप एकसारखी साद घाली, राजाही. तो माणूसपण विसरत चालला होता.

"आता कसे ओळखू?" राणीने विचारले.

"चुकलेल्याला जो आपला, तोच आधी ओ देतो," कुरव म्हणाला.

राणी कमरेइतक्या पाण्यात शिरली आणि गाद्यांच्या बोलीत तिने हाक दिली, "मी चुकले. मी एकटी आहे."

कळप गप्प झाला. मग एक आवाज अडखळत, कापत आला.

"हाच!" राणी ओरडली.

लाट फुटली, आणि राजा तिच्यापुढे उभा राहिला. मांत्रिक रांजण घेऊन निघून गेला.

राज्याची घडी पुन्हा बसली. राजा मात्र ती बोली हळूहळू विसरला. कळप दिसला की तो विचारी, "काय म्हणतात गं ते?"

राणी सांगे, आणि राजा बराच वेळ समुद्राकडे पाहत राही.