करडईचं दूध

फार जुन्या काळी, डोंगरांनाही अजून धड बसता येत नव्हतं तेव्हा, काळ्या मातीच्या एका माळावर एक गाव होतं. तिथे दूधदुभतं इतकं, की मांजरं सायीकडे बघून तोंड फिरवायची. दारी आलेल्याला नुसतं पाणी देणं म्हणजे त्या गावात शिवी देण्यासारखं. आधी वाटीभर दूध, मग "कोण, कुठले?"

एका उन्हाळ्यात रोग आला आणि गावातली जनावरं झाडून घेऊन गेला. शेवटची म्हैस पुरली त्याच दिवशी पाटलाच्या मुलीला बघायला पाहुणे आले.

गावात एक विधवा बाई होती. तिला एक लहान लेक. गावाचं सगळं बियाणं तिच्या घरी असायचं, राखेत मळून कणग्यांमध्ये भरलेलं. पाटील धापा टाकत तिच्या मागच्या दारी आला.

"वैनी, अब्रू गेली! दूध नाही असं कुठल्या तोंडानं सांगू?"

बाई हाताची सुगरण. "पाहुण्यांना देवळात बसवा," ती म्हणाली. तिने कणगीतली करडई काढली, राख धुतली, कढत पाण्यात भिजवली. पाट्यावर वाटली, फडक्यातून पिळली. पांढरंशुभ्र दूध निघालं. ते मंद जाळावर ढवळत तापवलं, थोड्या कडवट चवीवर गूळ आणि सुंठ घातली.

पाहुण्यांनी मिशा चाटल्या. "काय दूध आहे! म्हैस तरी दाखवा."

"लाजते ती," पाटील म्हणाला, आणि गोठ्यामागे जाऊन गळ्यात घंटा बांधून स्वतःच मान हलवत उभा राहिला. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. लग्न मात्र जमलं.

गावाला युक्ती गवसली. पावसाळाभर ज्याच्याकडे पाहुणा, तो वाटी घेऊन बाईच्या दारात. "वैनी, तुमच्या हाताला तोड नाही!" हे ऐकलं की बाईचा हात आपोआप कणगीत जायचा.

कणगीखाली एक उंदीर राहायचा. एकदा तो मिशीवरची राख झटकत म्हणाला, "बाई, मी खाल्लं की चोर. तुम्ही वाटलं की सुगरण. चालू द्या. पण मी तळ बघितलाय."

बाई चपापली. पाटलाकडे गेली. "भाऊजी, पेरायला थोडी तरी राखून ठेवते."

पाटील हसला. "काट्यांचं बी ते! ज्वारी थोडीच वाटतोय आपण? पोट ज्वारीनं भरतं, वैनी. आज माझे व्याही यायचेत."

तिला बोलायचं होतं. पण पाटील पुढे म्हणाला, "तुमच्यासारखी सुगरण पंचक्रोशीत नाही," आणि ती घरी येऊन उरलेली करडई भिजत घालून बसली. त्या दिवशी उंदराने बिऱ्हाड उचललं.

पाऊस सरला. बैल नव्हते, तेव्हा माणसांनी पेरणीची पाभर खांद्याने ओढून ज्वारी पेरली. दरवर्षी ज्वारीच्या कडेकडेने करडई पेरायचे. तिच्या काट्यांच्या कुंपणात कुठलंच जनावर पाय घालत नसे. या वर्षी कडा मोकळ्या राहिल्या. शेजारगावी बी मिळालं असतं. पण ते मागायचं तर आपलं बी कुठे गेलं तेही सांगावं लागणार. मग कुणीच गेलं नाही.

कणसात दाणा भरला आणि माळावरून काळविटांचे कळप उतरले. मागून रानडुकरं. माणसांनी थाळ्या बडवल्या, जाळ केले, हाका मारून घसे फोडले. एका बाजूने हाकललं की कळप दुसऱ्या बाजूने आत. शेवटी शेतात उरली ती नुसती खुरांची नक्षी.

गाव मोडलं. जो तो वाट फुटेल तिकडे गेला. बाई लेकीला पाठीवर घेऊन निघाली. लेक आधी भाकरी मागायची, मग पाणी मागायची, मग काहीच मागेना. एका ओढ्याकाठी बाईने तिला पाठीवरून उतरवलं. तिथून पुढे ती एकटीच चालली.

संध्याकाळी एका परक्या दारात ती मटकन बसली. घरातला म्हातारा बाहेर आला.

"बाई, दूध नाही हो घरात. आमचीही जनावरं गेली. गार पाणी आहे, घ्या."

"आजोबा, हे बोलताना तुमची जीभ अडली नाही?"

"त्यात काय अडायचं? नाही, ते नाही."

पडवीत करडईची एक लहानशी कणगी होती, राखेने पांढरी. बाईने पाण्याचा तांब्या हातात धरला. पण घोट न घेताच तो खाली ठेवला आणि कणगीच्या राखेवरून हात फिरवला.

म्हणून म्हणतो, ज्याला "नाही" म्हणायची लाज वाटते, तो आपल्या लेकराचं उद्याचं ताट पाहुण्याच्या वाटीत ओततो.