कोकिळेने मोजलेली घरटी

इंग्लंडच्या उत्तरेला, एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या मागे, उंच झाडांच्या राईत कावळ्यांची वस्ती सुखाने नांदत असे. दर वसंतात कावळे आपापली जुनी घरटी नीट करत. चार काड्या इकडे खोचायच्या, कुंपणाला अडकलेली मेंढ्यांची लोकर आत अंथरायची, की झाले घर तयार. मग निवांत अंडी घालायची.

एका वसंतात दक्षिणेकडून एक कोकिळा आली. तिला मोजण्याचा भारी नाद. सगळी राई फिरून तिने विचारले, "यंदाची नवी घरटी किती?"

"नवं एकही नाही," कावळे म्हणाले.

"अरेरे! दक्षिणेत झाडागणिक नवी घरटी आहेत. इथली प्रगती शून्य! उत्तर मागे पडली, हे आता मला गावोगाव सांगावं लागणार."

कावळे खजील झाले. हे सांगणारीने जन्मात एक काडी उचललेली नव्हती, हे बाळांनो, तुम्हाला ठाऊक आहे. कावळ्यांनाही ठाऊक होते. पण नावे ठेवली गेली की डोके चालेनासे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे आपापली घरटी ओरबाडू लागले.

एका कावळीने मात्र अंडी आधीच घातली होती आणि ती फुटायच्या बेतात होती. तिचा नवरा काडी ओढू लागताच ती घरट्यात ठाण मांडून बसली.

"अगं, ऊठ. लोक काय म्हणतील?"

"लोक माझी अंडी उबवायला येणार आहेत का? अहो, हे घरटं तुमच्या आईने विणलंय. मी इथून हलणार नाही."

नवऱ्याला इतकी लाज वाटली की तो दूरच्या फांदीवर पाठ करून बसला. बाकीच्यांनी घाईघाईने, मिळतील त्या ओल्या काड्यांची नवी घरटी उभी केली. ती मोजून कोकिळा आनंदाने गाऊ लागली, "उत्तर पुढे गेली! उत्तर पुढे गेली!" कावळ्यांच्या माना ताठ झाल्या. या गडबडीत बाकी कोणालाच अंडी घालायला सवड झाली नव्हती, आणि तेच बरे झाले.

कारण त्याच आठवड्यात डोंगरावरून सोसाट्याचा वारा सुटला आणि नवी घरटी एकामागून एक खाली आली. जुने घरटे नुसते डोलत राहिले. कावळी अंड्यांवर पंख पसरून बसली होती. तिचा नवरा धावत आला आणि वाऱ्याच्या बाजूने तिला टेकून बसला.

वारा थांबल्यावर सगळे तिच्याभोवती जमले. "तुझं कसं गं टिकलं?"

"काड्या एकमेकींत गुंतायला वर्षं लागतात," ती म्हणाली. "मी फक्त सैल झालेल्या घट्ट केल्या."

इतक्यात कोकिळा आली. "वा! सगळी पडली? उत्तम! आता पुन्हा बांधा. तीही नवीच धरीन. यंदा तुम्ही दक्षिणेच्याही पुढे!"

आता मात्र नवराच म्हणाला, "कोकिळाबाई, ही मंडळी घरटी बांधतील, पण टिकतील अशी. पुढच्या वर्षी आलात तर नवं एकही दिसणार नाही."

"मग मला दाखवाल काय?"

तेवढ्यात कावळीच्या पंखाखाली काहीतरी चिवचिवले. एका अंड्यातून पिल्लाने चोच बाहेर काढली होती. सगळी वस्ती माना वाकवून ते पाहू लागली.

"हे दाखवू," कावळी म्हणाली. "हे कशात धरता तुम्ही?"

कोकिळा उडून गेली, आणि कावळे खाली पडलेल्या काड्या उचलू लागले. या वेळी कोणालाही घाई नव्हती.

तात्पर्य : मोडून पुन्हा बांधलेले मोजायला सोपे, सांभाळून ठेवलेले मोजायला अवघड, पण पिल्ले वाढतात ती सांभाळलेल्या घरातच.