लिंबूटिंबू

एकदा एक वृद्ध आचार्य मुलांच्या खेळात पहिल्याच फेरीत बाद झाले. चाळीस वर्षे व्याकरण शिकवलेला माणूस एका सोप्या शब्दाला अडला, आणि ज्या गावात हे घडले त्या गावाला यातून नेमका कोणता बोध घ्यावा हे पुष्कळ दिवस कळेना. म्हणून आधी त्या खेळाविषयी सांगायला हवे.

गाव नदीकाठी होते. आचार्यांच्या काळात तिथली पाठशाळा दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होती, व्याकरण आणि रडणे. विद्यार्थी आधी रूपे पाठ करीत आणि मग रडत. काही जण क्रम बदलून. आचार्य थकले तेव्हा त्यांनी पाठशाळा आपल्या सर्वांत हुशार शिष्याच्या हाती सोपवली. आपल्या शाळेत कोणी रडणार नाही, असे या शिष्याने लहानपणीच ठरवून ठेवले होते. त्याने छडी नदीत सोडली आणि चिंध्यांचा एक चेंडू शिवून घेतला.

खेळ साधा होता. मुलांनी रिंगण करायचे. ज्याच्या हाती चेंडू, त्याने एक शब्द उच्चारून तो कोणाकडेही टाकायचा. झेलणाऱ्याने त्या शब्दाचे अनेकवचन सांगायचे आणि नवा शब्द उच्चारून चेंडू पुढे धाडायचा. अनेकवचन सरले की लिंग, मग काळ, मग विभक्ती. जो अडेल किंवा चुकेल तो बाद. त्याने चिंचेखालच्या दगडावर जाऊन बसायचे आणि उरलेल्यांसाठी टाळ्या वाजवायच्या.

मुले हसू लागली. विभक्ती म्हटले की पूर्वी ज्यांच्या पोटात दुखे, ती आता सुट्टीच्या दिवशीही दारात चेंडू मागायला उभी राहत. आसपासच्या गावांतले शिक्षक हा चमत्कार पाहायला येऊ लागले. पाहुण्यांना ताक मिळे आणि मुलांना पाहुण्यांदेखत हुशार ठरण्याची संधी. शिष्याचे नाव झाले. नाव होण्यात वाईट काही नाही. फक्त ते झाले की माणूस दगडाकडे पाहीनासा होतो.

त्या दगडावर रोज सर्वांत आधी जाऊन बसे ती मंजुळा, नावाड्याची नऊ वर्षांची मुलगी. चेंडू तिच्याकडे एकदा येई आणि तेवढाच. खेळ तासभर चाले. त्या तासात हुशार चौघांना पन्नास-पन्नास शब्दांचा सराव होई आणि मंजुळेला एका शब्दाचा. ज्याला खेळण्याची गरज सर्वांत जास्त, त्याला सर्वांत कमी खेळायला मिळावे, अशी ती व्यवस्था होती. ती कोणी मुद्दाम केली नव्हती. अशा व्यवस्था बहुधा कोणी मुद्दाम करीत नाही.

एके दिवशी नावाडी शाळेच्या दारात आला.

"गुरुजी, पोरगी शाळेत काय करते?"

"खेळते. खेळता खेळता व्याकरण शिकते."

"मी घाटावरनं बघतो ना. कधी बघावं तर दगडावर बसलेली."

"ती बाद झालेली असते."

"रोज?"

"खेळच आहे तो," शिष्य म्हणाला. "कोणीतरी बाद होणारच."

"होऊ दे की. पण नुसतं बसायचंच असेल तर नावेत बसेल. तिथं वारा तरी लागतो." नावाडी जरा घुटमळला. "तिची आई म्हणते, पोरगी घरात बोलत नाही. आधी तोंड मिटत नव्हतं तिचं. आता एक शब्द विचारला तरी आमच्या तोंडाकडं बघते, बरोबर की चूक म्हणून. पौर्णिमेपर्यंत वाट बघतो. नाहीतर घेऊन जातो."

पौर्णिमेला पाच दिवस होते. शिष्य आचार्यांकडे गेला आणि म्हणाला, "आपण त्याला समजवा. आपला शब्द तो मोडणार नाही."

"त्याला काय समजवायचं?" आचार्य म्हणाले. "त्याचं म्हणणं बरोबर आहे. मी उद्या तुझ्याकडे खेळायला येतो."

दुसऱ्या दिवशी आचार्य काठी भिंतीला टेकवून रिंगणात उभे राहिले. शिष्याने आदराने सर्वांत सोपा शब्द निवडला. "फूल," तो म्हणाला आणि त्याने चेंडू हळूच टाकला. आचार्यांनी तो झेलला, हातात फिरवला, मुलांच्या तोंडांकडे पाहिले आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "फूल."

मुले आधी घाबरली आणि मग हसली. एका धीट मुलाने विचारले, "आजोबा पण बाद?"

"आजोबा पण बाद," असे म्हणून आचार्य दगडावर मंजुळेशेजारी जाऊन बसले. दुसऱ्या दिवशीही तेच झाले आणि तिसऱ्या दिवशीही.

थोर माणसाकडून साधी चूक होऊ शकते यावर शिष्यांचा विश्वास बसत नाही, त्यामुळे अर्थ काढणे सुरू झाले. शिष्याच्या मते ही विनयाची शिकवण होती. गावच्या पाटलांच्या मते शब्द एक असो वा अनेक, तत्त्व एकच, हे आचार्यांना सुचवायचे होते. तिसरे स्पष्टीकरण आचार्यांकडे स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी दिले. "वय झालं त्यांचं," त्या म्हणाल्या. हे फारच सोपे असल्यामुळे कोणी मनावर घेतले नाही.

दगडावर मात्र वेगळेच बोलणे चालले होते.

"आजोबा, तुम्हाला खरंच येत नाही?" तिसऱ्या दिवशी मंजुळेने विचारले. कितीतरी दिवसांनी ती आपणहून बोलली होती.

"येतं. पण चेंडू आला आणि सगळे बघायला लागले की जातं."

"माझंपण तसंच." तिने जरा विचार केला. "मग तुम्ही लिंबूटिंबू व्हा ना."

"म्हणजे काय?"

"इतकी पुस्तकं वाचली आणि हे माहीत नाही?" मंजुळा म्हणाली. "आम्ही घाटावर शिवाशिवी खेळतो, तेव्हा लहान पोरं मागं लागतात, आम्हाला पण घ्या म्हणून. त्यांना लिंबूटिंबू करायचं. लिंबूटिंबूला शिवलं तरी त्याच्यावर राज्य येत नाही. तो आपला पळत राहतो."

"मग खेळ बिघडत नाही?"

"कशानं? आमचा खेळ आम्ही खेळतो, तो त्याचा खेळतो. एक दिवस त्याचा तोच म्हणतो, आता मला खरा गडी धरा. मग धरायचं."

"आणि त्यानं म्हटलंच नाही तर?"

"म्हणतोच," मंजुळा म्हणाली. "कुणाला कायम लिंबूटिंबू राहायचं असतं?"

आचार्य उठले आणि काठी टेकत शिष्याकडे गेले. "उद्यापासून मला लिंबूटिंबू धर," ते म्हणाले, "आणि या मुलीलाही. आम्ही चुकलो तरी रिंगणात राहू."

शिष्य अवघडला. "आचार्य, व्याकरणात सवलत नसते, हे आपणच आम्हाला शिकवलंत."

"शिकवलं खरं."

"शिवाय उद्या सात गावांचे शिक्षक खेळ पाहायला येणार आहेत. त्यांच्यादेखत नियम बदलला तर पद्धतच कच्ची दिसेल. परवापासून करू. एका दिवसानं काय होतंय?"

'व्याकरणात सवलत नसते' या ज्या वाक्याने आचार्यांनी आयुष्यभर इतरांना गप्प केले होते, त्याच वाक्याने त्या दिवशी त्यांना गप्प केले.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, सतरंजीवर बसले, ताक प्यायले. खेळ रंगला. आचार्य नेहमीप्रमाणे लवकर बाद होऊन दगडावर गेले. मंजुळेची वेळ आली तेव्हा शिष्याने चेंडू स्वतःकडे मागून घेतला आणि मोठ्या मायेने म्हणाला, "पान." त्याला तिचे भले करायचे होते, यात शंका नाही.

मंजुळेने चेंडू झेलला. तिचे ओठ हलले. तेवढ्यात पाहुण्यांपैकी एक जण धीर देण्यासाठी म्हणाला, "सांग बाळ, अगदी सोपं आहे."

जगात 'सोपं आहे' याइतकी अवघड गोष्ट दुसरी नाही. मंजुळेचे ओठ थांबले. तिने त्या सातही जणांकडे एकेक करून पाहिले, चेंडू हळूच जमिनीवर ठेवला आणि ती चालू लागली. दगडाशी ती थांबली नाही. चिंच ओलांडून ती घाटाच्या पायऱ्या उतरून गेली. आचार्य उठून तिच्यामागे निघाले, पण त्यांच्या पायांना ती सापडण्यासारखी नव्हती.

पाहुण्यांना खेळ फार आवडला. जाताना त्यांनी चेंडूचे माप घेतले.

नावाडी मुलीला काढायला आलाच नाही. तशी गरज उरली नव्हती. पौर्णिमेच्या संध्याकाळी शिष्य आचार्यांच्या अंगणात येऊन बसला. त्याने विचारले, "आपण रोज मुद्दाम चुकत होतात, त्याचा अर्थ मला वेळेवर कळला नाही. आता तरी सांगा."

"मी मुद्दाम चुकत नव्हतो," आचार्य म्हणाले. "पहिल्या दिवशी मला उत्तर द्यायचं होतं. इतक्या मुलांचे डोळे माझ्यावर लागले आणि शब्द गेला. चाळीस वर्षं मी त्या डोळ्यांच्या बाजूनं उभा होतो. समोर उभं राहून तिथं काय होतं, हे मला त्या दिवशी कळलं."

शिष्य खाली मान घालून ऐकत होता.

"माझी मुलगी तुला आठवत नसेल, तू लहान होतास. लग्न होऊन ती लांब गेली. ती मला पत्रं लिहायची. मोठी पत्रं, चार-चार पानी, चुकांनी भरलेली. मी काय करायचो माहीत आहे? लाल शाईनं त्या चुका दुरुस्त करायचो आणि तिचंच पत्र तिला परत पाठवायचो. ती माझी माया आहे असं मला वाटायचं. मग पत्र दोन पानांचं झालं. मग एका पानाचं. शेवटच्या पत्रात एकच ओळ होती, इथे सर्व क्षेम आहे. तीत एकही चूक नव्हती. मी ती ओळ अभिमानानं वर्गात वाचून दाखवली. ती लिहिली तेव्हा ती अंथरुणाला खिळलेली होती. आम्हाला कळलं ते ती गेल्यावर."

आचार्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

"चुकण्याची भीती घातली की माणूस शहाणा होत नाही," आचार्य म्हणाले. "तो थोडं बोलतो, मग तेवढंही बोलत नाही. आणि आपल्याला वाटतं, सुधारला. तू छडी नदीत सोडलीस, ते चांगलं केलंस. पण छडीचं काम तू दगडाला दिलंस. आणि मला हे सगळं ठाऊक असून मी परवा एका दिवसासाठी तुझ्याशी भांडलो नाही. त्या दिवसाचा दोष तुझा एकट्याचा नव्हे."

दुसऱ्या सकाळी शिष्याने 'बाद' हा शब्द खेळातून काढून टाकला. ज्याला धाकधूक वाटेल त्याने लिंबूटिंबू व्हावे, चुकावे आणि रिंगणातच राहावे. मुलांना यात नवल वाटले नाही. हा नियम त्यांना आधीपासून माहीत होता. महिन्याभरात एक एक लिंबूटिंबू येऊन सांगू लागला, गुरुजी, आता मला खरा गडी धरा. खेळ पूर्वीपेक्षा रंगू लागला. फक्त मंजुळा त्यात नव्हती. शिष्य तिला बोलवायला घरी गेला, तेव्हा बापाच्या पाठीमागून ती एवढेच म्हणाली, "नको."

मग तो घाटावर जाऊ लागला. त्या घाटावर अशी रीत होती की नाव काठाजवळ आली की नावेतून दोर फेकायचा आणि पायरीवर जो कोणी उभा असेल त्याने तो झेलून खुंट्याला अडकवायचा. आता दोर फेकण्याचे काम मंजुळेचे होते. एका सकाळी पायरीवर दुसरे कोणीच नव्हते, फक्त शिष्य होता.

तिने दोर फेकला. तो त्याच्या हातांना लागून पाण्यात पडला आणि नाव प्रवाहाबरोबर मागे सरकली. उतारूंपैकी कोणीतरी हसले.

"राहू द्या गुरुजी," नावाडी म्हणाला. "दुसरं कुणी येईल एवढ्यात."

"थांबा ना बाबा," मंजुळा म्हणाली. तिने ओला दोर एकेक हात पुढे टाकत ओढून घेतला आणि त्याचे वेटोळे केले. "गुरुजी, माझ्याकडं नका बघू. दोराकडं बघा. मी हळू टाकते."

दुसऱ्या वेळीही दोर निसटला. तिने तो पुन्हा ओढून घेतला, पुन्हा वेटोळे केले. या वेळी नावेत कोणी हसले नाही. तिसऱ्या वेळी दोर त्याच्या हातात आला. त्याने तो खुंट्याला अडकवला, नाव काठाला लागली आणि माणसे उतरून आपापल्या वाटेने गेली.

शाळेत ये, असे तिला सांगण्यासाठी शिष्य आला होता. ते त्याने सांगितले नाही. ओले हात तसेच धरून तो पायरीवर उभा राहिला आणि उद्याही दोर झेलायला आलो तर चालेल का, एवढेच त्याने विचारले.

"या की," मंजुळा म्हणाली आणि ती नावेतले पाणी उपसू लागली.